मेजरांचा स्पॅनिश बेंदूर

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेल्या माणसाला कुणी हुद्दा विचारत नाही. शिपाई म्हणून गेलेला असो की हवालदार होऊन आलेला असो, एसटीतून ट्रंक घेऊन उतरला की तो मेजर. गुलाबराव तर सुभेदार होऊन आले होते, त्यामुळे त्यांच्या मेजरपणाबद्दल शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. शंका असलीच तर ते नेमके कुठल्या देशाचे मेजर, एवढीच होती. रोज सकाळी आमच्या परसामागून त्यांची बैलजोडी रानाकडे निघाली की मेजर खणखणीत आवाजात "बामोस! बामोस!" असं ओरडायचे आणि बैल चालू लागायचे. बैल उधळले की "त्रान्किलो, बाळा, त्रान्किलो" म्हणायचे आणि बैल खरोखर शांत व्हायचे. मी सांगलीची. लग्न होऊन वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या या गावात नवीनच आले होते. मला वाटलं, इकडे बैलांना असंच हाकत असतील. हे स्पॅनिश आहे, हे कळायला मला चांगला महिना लागला.

मेजर जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की आमच्या घरात आधी सगळे हसतात. मग कुणीतरी त्यांच्यासारखी मान ताठ करून "रिपोर्ट!" म्हणतं आणि पुन्हा हसू फुटतं. असं हसवत राहणारा माणूस गेला, हे मला अजून पटत नाही.

मेजरांचं घर आमच्या शेजारी. अंगणातल्या वाटेच्या दोन्ही कडांना ओळीने दगड मांडलेले आणि ते चुन्याने पांढरे केलेले, पलटणीतल्या रस्त्यासारखे. दगड झाले, मग झाडांचे बुंधे झाले, मग गोठ्याचा खांब झाला. एकदा त्यांनी पाट्याचा दगडही रंगवला, तेव्हा तानूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चुन्याची बादलीच माळ्यावर टाकली. तानूबाई बोलायला फटकळ. नवऱ्याबद्दल तक्रार करायची तर कुंपणापाशी येऊन मला हाक मारायच्या.

"वैनी, आवं ह्ये लेबनॉनला गेलं ते अजून घरी आलंच न्हाईत बघा. निस्तं आंग आलंय हिकडं."

लेबनॉनचं प्रकरण असं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मेजर शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होते. शेजारच्या छावणीत स्पॅनिश पलटण होती. तिथल्या भटारखान्याचा हवालदार पाको याच्याशी मेजरांची दोस्ती जमली. मेजरांनी त्याला चपाती लाटायला शिकवली, त्याने मेजरांना केशर घालून भात करायला शिकवला. दोघांना मिळून एक भाषा येत नव्हती. तरी रोज संध्याकाळी तासन्‌तास बोलायचे, असं मेजर सांगायचे. कशाबद्दल, असं मी एकदा विचारलं. "शेती," मेजर म्हणाले. "त्येच्या बापाची द्राक्षं हायेत. आमच्या तासगावच्या पाव्हण्यांसारकीच. दावण्या रोग पडला की त्यो बी रडतो, आमी बी रडतो. त्येला भाषा कशाला लागती?"

तो भात मेजर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी रांधायचे आणि सगळ्या आळीला खाऊ घालायचे. केशर परवडणारं नव्हतं म्हणून मी माहेरून आणलेली सांगलीची हळद आणि मासळीच्या जागी घेवडा. एवढी मोठी सपाट कढई, खाली उसाच्या चिपाडांचा जाळ आणि शेजारी हातात उलथनं घेऊन सावधान उभे मेजर. कुणी ढवळायला गेलं की ओरडायचे, "हात न्हाई लावायचा! ह्यो भात ढवळत न्हाईत!" आळीतल्या बायका त्याला पिवळा भात म्हणायच्या. मेजर दर वेळी त्याचं खरं नाव सांगायचे आणि बायका दर वेळी मान डोलावून "व्हय, व्हय, पिवळा भात" म्हणायच्या. खालचा भात करपायचा. ती करपलेली खरवडच स्पेनमध्ये मोठ्या मानाने वाढतात, असं मेजर सांगायचे. हे खरं आहे, असं मी पुढे वाचलं. पण त्या वेळी आम्ही सगळ्यांनी ती थाप समजून म्हशींना घातली.

दोस्ताची आठवण म्हणून त्यांनी आपल्या उजव्या बैलाचं नाव पाको ठेवलं होतं. पांढराशुभ्र खिलार, उंच शिंगांचा, स्वभावाने जरा आळशी. हे नाव पुढे अडचणीत आणणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यावं?

आता घंटेबद्दल सांगायला हवं, कारण मेजरांचा जीव खरा अडकला होता तो त्या घंटेत. आमच्या घाटावरच्या महादेवाच्या देवळात एक थोरली घंटा आहे. वसईच्या लढाईनंतर इथल्या कुणा सरदाराने ती तिथून आणली आणि देवाला वाहिली, असं सांगतात. आमच्या बाजूला अशा घंटा आणखीही देवळांत आहेत. या घंटेवर काही झिजलेली अक्षरं आहेत आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई कोरलेली आहे. गावच्या बायका तिला लेकुरवाळी म्हणतात आणि हळदकुंकू वाहतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंकवाने तिचा चेहरा पार बुजून गेला आहे. लेबनॉनमध्ये पाकोच्या छावणीतल्या छोट्या देवळात मेजरांनी तशीच मूर्ती पाहिली आणि त्यांना घाटावरची लेकुरवाळीच भेटल्यासारखं वाटलं. गावी आल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, की आपली घंटा स्पॅनिश आहे. गावाने ते ऐकून घेतलं, जसं पिवळ्या भाताचं नाव ऐकून घेतलं होतं.

पुढे त्या घंटेला चीर गेली. देवस्थानाच्या कमिटीचे अध्यक्ष होते आबा. उसाचे मोठे बागायतदार, आवाजही तेवढाच मोठा. आबांनी देवळात विजेवर वाजणारा नगारा आणला. बटण दाबलं की झांजा, नगारा, घंटी, सगळी आरती आपली आपण. मग फुटकी घंटा हवी कशाला? ती भट्टीत घालायची आणि त्याच धातूची नवी घडवायची, असं आबांनी ठरवलं. मेजर ती बातमी ऐकून तसेच, पायात चिखलाचे बूट, देवळात गेले. आम्ही बायका खालच्या पायरीवर धुणं घेऊन बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आबा, ती घंटा वितळवू नगा. ती स्पॅनिश हाय."

"मेजर, तुमाला समदंच स्पॅनिश दिसतंय. परवा माज्या मेव्हण्याला स्पॅनिश म्हणालासा."

"त्येचं नाक तसं हाय."

"नाकाचं ऱ्हाऊ द्या. वाजवली की डबा पडल्यागत आवाज येतोय तिचा. धातू देवाचा, देवालाच परत. ह्यात वंगाळ काय हाय?"

"आवं, आपल्या पणजीच्या पणजीनं ज्या घंटेला हात लावला ती हाय ही. नव्या घंटेला त्यो हात कुटनं आणणार तुमी?"

आबा म्हणजे माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा बोललेलं मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. शेवटी ते म्हणाले, "असं करा. एखाद्या स्पॅनिश माणसानं हितं हुबं ऱ्हाऊन, समद्या गावादेखत सांगावं, की ही आमच्याकडची हाय. मी घंटा जागची हलवणार न्हाई. पण न्हाई म्हणाला, तर त्याच दिवशी टेम्पोनं भट्टीत. कबूल?"

"कबूल," मेजर म्हणाले.

आबांना वाटलं, स्पेनहून इथवर कोण येतंय. मेजर थेट घरी आले आणि पाकोला फोन लावला. तोही निवृत्त होऊन घरी बसलेला, बायकोला कंटाळा आणत असणार. थंडीत द्राक्षाची कामं नसतात, तेव्हा येतो म्हणाला.

झालं! मेजरांच्या अंगात संचारलं. नुसता पाहुणा बोलावून भागायचं नाही, त्याला घरच्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून गावात स्पॅनिश उत्सव करायचा ठरला. बाजारपेठेच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर आबांचा फोटो सर्वांत मोठा, मेजरांचा मध्यम आणि पाकोचा वधूवर सूचक मंडळात देतात तेवढा. टोमॅटो फेकायचा खेळ ठेवावा, असं मेजरांनी सुचवलं, तेव्हा तानूबाई म्हणाल्या, "त्ये आमी भाव पडल्यावर करतोयच की. त्याला स्पेन कशाला पायजे?" शाळेच्या मुलींना घेर असलेले परकर शिवले आणि नाच म्हणून लेझीमच बसवलं, फक्त मधूनमधून टाच आपटायची. आणि सगळ्यांत शेवटी बैलांची दौड. स्पेनमध्ये माणसं पुढे जीव घेऊन पळतात, मागून बैल सुटतात, हे मेजरांनी गावातल्या पोरांना मोबाइलवर दाखवलं. पोरं खूश. वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ता ठरला. मी मेजरांना म्हटलं, कुणाला शिंग लागलं म्हणजे? तर म्हणाले, "वैनी, रिहर्सल न्हाई, डायरेक्ट ॲक्शन."

पाको आला. साठीचा, बुटका, गोल पोटाचा माणूस, तांबडे गाल आणि डोळ्यांत पाणी. एसटी स्टँडवर दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की कंडक्टरने गाडी थांबवून ठेवली. घरी आल्यावर ओसरीवर चहा चालला होता. तेवढ्यात गोठ्यातून तानूबाईंचा आवाज आला, "आवं, ह्या पाकोनं परत दावं तोडलंय! काठी हाणा त्येच्या पाठीत!"

पाहुण्याने आपलं नाव ओळखलं आणि कप खाली ठेवला. मेजरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. लढाईवर न डगमगलेला माणूस, पण त्या वेळी मिशीला हात लावायलाही विसरला. शेवटी पाहुण्याचा हात धरून त्यांनी त्याला गोठ्यात नेलं, बैलाकडे बोट केलं, मग पाहुण्याकडे केलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला. पाको बघतच राहिला. मग त्याने बैलाच्या गळ्याला मिठी घातली आणि त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बैलाने त्याची टोपी खाल्ली. तानूबाई नंतर मला म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. पण अक्कल बैलायवढीच."

उत्सवाच्या दिवशी सकाळी गाव नुसतं फुललं होतं. पण एक गोष्ट मेजरांच्या आखणीत राहून गेली होती. बैल गावातून न्यायचे आणि सजवायचे नाहीत, हे आमच्या बायकांना पटणं शक्य नव्हतं. बैलांचा सण बेंदूर होऊन चार-पाच महिने झाले होते, तरी रात्रीत सगळ्या बैलांची शिंगं रंगली, पाठीवर झुली चढल्या, कपाळाला बाशिंगं आली. आणि सजलेले बैल दारावरून जाणार म्हटल्यावर कुठल्या घरची बाई रिकाम्या हाताने उभी राहील? पेठेतल्या घराघरांतून पुरणाचा वास येऊ लागला, तो मलाही आला. मला काहीच खटकलं नाही, कारण मीही पुरणच वाटत होते.

वेशीवर पोरं लाल रुमाल बांधून तयार. मेजरांनी शिट्टी मारली, "बामोस!" पोरं जिवाच्या आकांताने पळत सुटली. मागून बैल निघाले, तेही पहिली शंभर पावलं चांगले धावले. मग पहिलं घर आलं. दारात पाण्याचा तांब्या, निरांजन आणि पोळी घेऊन एक म्हातारी उभी. सगळ्यात पुढचा बैल पाको. त्याने दार पाहिलं, पोळी पाहिली आणि जागच्या जागी थांबला. त्याच्यामागे सगळा ताफा थांबला. म्हातारीने पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पोळी भरवली. मग दुसरं दार. मग तिसरं. बैलांना बेंदूर चांगला माहीत होता. स्पेन कुणी शिकवलं नव्हतं.

पोरं देवळापाशी पोचून, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत मागे बघत उभी. रस्ता मोकळा. बैलांचा पत्ता नाही. मेजर इकडून तिकडे पळत होते, "बामोस! अरं बामोस की!" आणि पाहुणा पाको? तो बैलांच्या मागोमाग दारोदार जाऊन पुरणपोळी खात होता. प्रत्येक दारात त्यालाही कुंकू लागत होतं. तासाभराने बैल देवळाशी आले ते पोटं तुडुंब, कपाळं लाल, आणि त्यांच्यामागे ताटं घेतलेल्या साऱ्या पेठेतल्या बायका, गाणी म्हणत. आबांच्या आई, बायजाक्का, ज्या गुडघ्यांमुळे घाट उतरत नसत, त्यासुद्धा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून बैलांच्या मागे आल्या होत्या. मेजर कपाळाला हात लावून पायरीवर बसले होते. पाको मात्र टाळ्या पिटत काहीतरी ओरडत होता. मेजर म्हणाले, "म्हणतोय, आयुष्यात यवढी चांगली दौड बघितली न्हाई."

पण खरा प्रसंग पुढेच होता. आबा सभामंडपात उभे राहिले. भट्टीचा टेम्पो सकाळपासून पाराखाली येऊन थांबला होता, तो सगळ्यांना दिसत होता. हसणं हळूहळू थांबलं. आबा म्हणाले, "पाव्हणं, आता घंटा बघा आन् काय ते सांगा." घाटावर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे त्यावर भाषांतर करून बघायची सोय नाही, आणि मोडकंतोडकं का होईना, स्पॅनिश समजणारा माणूस त्या सगळ्या गर्दीत एकच, मेजर. माझ्या शेजारी तानूबाई पदराचा बोळा करून उभ्या होत्या.

पाकोने घंटेखाली जाऊन वर पाहिलं. डोक्यावरची, तानूबाईंनी दिलेली गांधी टोपी काढली. लेकुरवाळीच्या पायांशी ओठ टेकले, छातीवर बोटांनी क्रूस केला. मग चष्मा लावून अक्षरं वाचली आणि मेजरांकडे वळून, हातवारे करत, बराच वेळ बोलला. मेजर ताठ उभे राहून ऐकत होते. त्याचं बोलणं संपलं. सगळं गाव मेजरांच्या तोंडाकडे बघत होतं.

मेजरांनी एकदा घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग म्हणाले, "पाको म्हणतोय... ही आमची न्हाई. शेजाऱ्याची हाय. पोर्तुगालची."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? एवढा आटापिटा केलेला माणूस, आणि त्याच्याच तोंडून हे यावं! आबासुद्धा खूश झालेले दिसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणं. टेम्पो देवळाकडं घ्या रं. भट्टीला उशीर नगं."

"कसली भट्टी?" बायजाक्कांचा आवाज आला. आबांनी घरात त्यांना घंटा दुरुस्तीला जातेय, एवढंच सांगितलं होतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. बायजाक्का सुनेला बाजूला सारून पुढे आल्या. "मेजर, तुमी सांगा. त्यो पाव्हणा पाया कुणाच्या पडला?"

"आक्का, ती त्येंच्या देवाची आई हाय. कडंवर देव हाय."

"व्हय का?" म्हातारी लेकाकडे वळली. "आन् तू तिला भट्टीत घालतोस? अरं, लग्नाला बारा वर्सं झाली तरी माजी कूस उजवंना, तवा मी हिलाच नवस बोलले. तू हिच्याच नवसाचा हायस, आबा! घाल की भट्टीत! आधी मला घाल, मग हिला घाल!"

एवढ्या मोठ्या आवाजाचे आबा सगळ्या गावासमोर कान धरलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग टेम्पोवाल्याकडे बघून त्यांनी हातानेच जा अशी खूण केली. बायकांनी एकदम लेकुरवाळीच्या नावाने गजर केला, पोरांनी रुमाल हवेत फेकले, कुणीतरी नगाऱ्याचं बटण दाबलं आणि त्या गोंधळात पाको लेझीम खेळायला मुलींच्या रांगेत शिरला. काय झालं ते त्याला अजून कळलेलंच नव्हतं. उत्सव तेव्हापासून दर वर्षी होतो. घंटा पोर्तुगालची, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी उत्सवाचं नाव स्पॅनिश बेंदूर.

जेवणाची पंगत बसल्यावर माझं ओवाळणीचं ताट देवळात राहिलं म्हणून मी परत गेले. मंडपात मेजर एकटे, घंटेपुढे उभे. मला पाहून दचकले.

"मेजर, जेवायचं नाही का?"

"आलोच." मग म्हणाले, "वैनी, एक सांगू? मला आधीच ठावं हुतं. पाकोनं फोटू बघून मागंच सांगितलं हुतं, पोर्तुगालची म्हणून."

"मग त्याला बोलावलंत कशाला?"

"त्यो काय बोलंल ते मीच मराठीत सांगणार हुतो न्हवं? खोटं सांगायचं ठरवलं हुतं. आठवडाभर पाठ केलं, गोठ्यात, बैलांम्होरं. आन् ऐन टायमाला..." त्यांनी हात झटकला. "घंटा वाचली त्ये आक्कांमुळं. माज्यामुळं गेलीच हुती."

मी ताट उचललं. मेजरच पुढे म्हणाले, "यवढं पाठ केलंय, वाया जातंय. तुमी तरी ऐका एकदा."

आणि ते घंटेखाली जाऊन सावधान उभे राहिले. पाकोसारखे हात उडवत म्हणू लागले, "पाको म्हणतोय, ही घंटा आमच्या राजानं स्वता वतवून घेतली. पाको म्हणतोय, माज्या गावात हिची भण हाय. पाको म्हणतोय..." मिशी थरथरत होती, कान लाल झाले होते, नजर माझ्याकडे सोडून छताकडे, खांबाकडे, बाहेर नदीकडे पळत होती. मधेच दोनदा अडखळले. शेवटी कसंबसं संपवलं आणि घाम पुसत विचारलं, "खरं वाटलं का हो?"

"मेजर, एक शब्दसुद्धा नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खो खो हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बरं झालं मग," म्हणाले, "लय बरं झालं," आणि माझं ताट स्वतःच्या हातात घेऊन जेवायला चालू लागले.